धुतलेलं पाणी

टाकीची काच इतकी लख्ख निघाली होती की आत पाणी आहे की नाही तेच कळेना, आणि तळाच्या खड्यांवर शाई आडवी पडली होती. इंदूच्या हातातला चहा तसाच राहिला. शाई म्हणजे तिच्या लेकीची, देविकाची, सगळ्यात लाडकी मासोळी. पांढरीशुभ्र, शेपटीजवळ तेवढा काळा डाग, कुणी दौत लवंडावी तसा. देविकानं पाचही माशांना नावं दिली होती, पण इंदूला ओळखू यायची ती एवढीच. बाकीचे चौघे वर होते, पाण्याच्या काठाला तोंडं लावून, उघडमीट, उघडमीट. काल संध्याकाळी हेच बघून तिला बरं वाटलं होतं. स्वच्छ पाणी मिळालं, खेळायलेत बिचारे, असं तिनं फोनवर नवऱ्याला सांगितलंसुद्धा होतं. दत्तोपंत तिकडं निलंग्याकडच्या गावात मास्तर. त्यांनी आपलं बरं बरं म्हटलं होतं. आता तिनं काचेवर बोट आपटलं. शाई हलली नाही. तिच्या अंगाभोवती पाणी मात्र हलत होतं आणि त्यानं कल्ला थोडा उघडायचा, तेवढ्यावर इंदूनं बराच वेळ आशा धरली.

देविका संध्याकाळच्या गाडीनं नांदेडहून यायची होती. क्लासची सराव परीक्षा तिकडच्या शाखेत होती, दोन दिवस, मुक्काम महानंदामावशीकडे. जाताना पायात चप्पल घालता घालता तिनं बजावलं होतं, "आई, चिमूटभर दाणे टाक, बस. बाकी कशाला हात लावू नको. स्पंजाला तर बिलकुल न्हाई." इंदू हाव म्हणाली होती आणि तेव्हा ते खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. लातूरला नळ येणं म्हणजे जावई येण्यासारखं, कधी येईल सांगता येत नाही आणि आला की सगळं घर त्याच्यामागं पळतं. त्यात घटस्थापना तोंडावर. लेकीच्या क्लाससाठी घेतलेली भाड्याची एक खोली झाली म्हणून दसरा काढायचा नाही की काय? तिनं गोधड्या काढल्या, उशांचे अभ्रे काढले, मांडणीवरची भांडी राखेनं घासली, खिडकीचे गज पुसले, ड्रम उपडा करून आतून खरवडला. हात चालत राहिले की डोकं गप्प बसतं, हे तिला फार वर्षांपासून माहीत होतं. दुपारपर्यंत खोलीत एकच घाणेरडी वस्तू उरली. टाकीतला तो काळपट, बुळबुळीत स्पंज. घाण एकदा दिसली की इंदूला चैन पडत नसे. तिनं मासे बादलीत काढले, स्पंज नळाखाली धरला, आणि त्यातून गढूळ, तपकिरी पाणी निघालं ते निघतच राहिलं. सोडा लावून, पिळून पिळून तिनं तो कोरा करकरीत केला. खडे तांदळासारखे खळखळून धुतले. नळाचं ताजं पाणी भरलं, त्याला पावडरचा वास होता. वास म्हणजे जंतू मेले, असं तिचं साधं गणित. मासे परत सोडताना तिला वाटलं, येईल आणि बघेल, काही बोलणार नाही पण बघेल.

ही टाकी म्हणजे नुसता काचेचा डबा असता तर काय, रडून मोकळं होता आलं असतं. पण गेल्या वर्षी, अकरावीच्या दिवाळीनंतर, देविका भिंतीकडं तोंड करून झोपली ती उठेचना. जेवण नाही, क्लास नाही, वेणी नाही. चाचणीत नंबर खाली गेला होता, असं क्लासवाले म्हणाले. त्यात काय एवढं, असं दत्तोपंत म्हणाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. इंदू रात्रंदिवस त्या पाठीकडं बघत बसायची. पाठ हलते का, श्वास चालू आहे का, एवढंच. असं बघत बसायची तिला जुनी सवय होती. मग एकदा घरमालकीण हसीनाभाबींनी पोरीला बळंच पुढच्या खोलीत चहाला नेलं. तिथं त्यांच्या मालकांची, जहांगीरभाईंची, जुनी शेवाळलेली टाकी होती, आणि देविका तिच्यापुढं बसली ती दिवेलागणीपर्यंत. दोन दिवसांनी ती आपणहून उठली, कलीमच्या दुकानातून रिकामी टाकी घेऊन आली. पाणी भरलं, मशीन सुरू केलं आणि मासेच सोडले नाहीत. रोज चिमूटभर दाणे टाकायची, कुणालाच नाही असे. ते तळाशी कुजायचे. इंदूला वाटलं, पोरीचं डोकं गेलं.

"कुजू दे की," देविका म्हणाली होती. किती तरी दिवसांतलं तिचं ते पहिलं सबंध बोलणं. "कुजलं की अमोनिया होतो, आई. ते विष. माशाच्या घाणीतनं पण तेच निघतंय. मग एक जिवाणू येतात, ते खाऊन त्याचं नायट्राइट करतात. ते पण विषच. मग दुसरे येतात, ते त्याचं नायट्रेट करतात. ते तेवढं वाईट न्हाई, थोडं थोडं पाणी बदललं की निघून जातंय." हे जिवाणू काही आकाशातून पडत नाहीत, ते स्पंजात, खड्यांवर घर करतात, यायला आणि वाढायला त्यांना वेळ लागतो, म्हणून तिनं हसीनाभाबींच्या टाकीतला स्पंज आणून आपल्या टाकीत पिळला होता, विरजण लावावं तसा. पाणी दुधाळ झालं, मग निवळलं. थेंबांच्या बाटलीनं ती रोज पाणी तपासायची. हिरवं झालं की विष आहे, पिवळं राहिलं की नाही. रोज हिरवंच. देविका बाटली उजेडात धरायची आणि म्हणायची, थांबायचं. एक दिवस ते पिवळं राहिलं आणि ती हसली. पाणी पिकलं, आई! त्याच संध्याकाळी तिनं पुस्तक उघडलं. पुढं इंदू पुस्तक हातात धरून तिची उजळणी घ्यायची, त्याच जिवाणूंची नावं, नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर, अर्थ न कळता स्तोत्र म्हणावं तसं, आणि तिला त्या नावांबद्दल खरोखरच भक्ती वाटू लागली होती. आणि ते सगळे देव तिनं काल सोड्यानं धुऊन गटारात सोडले होते.

बाटली सापडली. थेंब टाकताना चार जास्तच पडले असतील. पाणी हिरवं झालं, अगदी बाभळीच्या पाल्यासारखं. फोन करावा? पोरगी पेपरला बसलेली, तिचा फोन बंद. आणि चालू असता तरी काय सांगायचं होतं? पाणी बदलावं तर कशानं? ड्रममध्ये कालचंच नळाचं पाणी, त्यानंच तर घात केला असेल. जुनं म्हणून एक तांब्या तिनं शिल्लक ठेवला नव्हता. घर आरशासारखं चकचकीत होतं आणि त्या चकचकाटात तिला पहिल्यांदाच गुदमरल्यासारखं झालं. ती तशीच पदर खोचून पुढच्या खोलीकडं धावली.

"इंदूबाई, कामून तोंड उतरलं?" हसीनाभाबी सुपारी कातरत होत्या. भिंतींना नवा चुना, चुन्याचा ओला वास. त्यांच्या लेकीचं, मनतशाचं, लग्न ठरलं होतं. कोपऱ्यात टाकी नव्हती. "टाकी? अव्वा, ती तर रिकामी केली की. रंगवाल्यांनी म्हटलं, काढा. मासे आमच्या ह्यांच्या भावाकडं दिले." स्पंज? तो वर गच्चीवर असेल. इंदू जिना चढून गेली. स्पंज कठड्यावर होता, उन्हानं वाळून विटकरीसारखा टणक. तरी तिनं तो उचलला, खाली आणून भिजवला, टाकीत पिळला. पाण्यात चार काळ्या कपच्या उतरल्या आणि तळाला बसल्या. हसीनाभाबी दारात उभ्या राहून बघत होत्या. "जाऊ द्या हो. मछलीच तर हाय," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी मायेनंच म्हटलं होतं. इंदूला त्यांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. सगळ्या जगात जाऊ द्या म्हणणारी माणसं भरलेली असतात, आणि जाऊ देणारं एकटंच असतं.

तिला माती सहन होत नसे, ते उगाच नव्हतं. भूकंपाच्या साली गणपती बुडवले त्या रात्री ती अंगणातल्या पत्र्याखाली झोपली होती, कारण ती बाजूला बसलेली होती. पोरं आत, माळवदाखाली. सर्वेश आठ वर्षांचा, देविका, म्हणजे पहिली देविका, सहा. पत्र्यानं तिला काही केलं नाही. पत्रा नुसता वाजला. मग घर होतं तिथं मातीचा ढीग होता, आणि त्या मातीत ती हातांनी उकरत राहिली. शिवाशिव, विटाळ, कुणी काही म्हणालं नाही, म्हणायला कुणी नव्हतंच. दत्तोपंत मिरवणुकीतून गुलाल माखलेले धावत आले. त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना ती सारखं काहीतरी धूत असायची. मदतीला आलेली माणसं पाणी पिण्यासाठी जपून वापरा म्हणायची आणि ही नखं धुवायची. नखातली माती निघून गेली तरी धुवायची. बायका म्हणत, इंदूचं स्वच्छतेचं वेड. वेड कसलं? ती माती होती आणि मातीत तिची पोरं होती, आणि तिला दोन्हीपैकी काहीच नको होतं, आणि दोन्ही हवं होतं.

दुपारी टाकीतला आणखी एक कलला. तेव्हा तिनं शाईला चमच्यानं बाहेर काढलं, हसीनाभाबींच्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं, हात धुतले, आणि गंजगोलाईच्या अलीकडच्या कलीमच्या दुकानाकडं निघाली. रस्ताभर क्लासच्या पाट्या. हसणाऱ्या पोरापोरींचे फोटो, खाली मार्क. प्रत्येक पाटीवरची पोरगी तिला देविकासारखी वाटायची आणि जवळ गेलं की दुसरीच निघायची. मेसचे डबे पोचवणारी सायकल अंगावरून गेली. आपण कशाला चाललोय हे तिला ठाऊक होतं आणि ती मनाला सांगत होती की विचारायला चाललोय, नुसतं विचारायला. कलीमनं ऐकून घेतलं, मान हलवली. त्याच्या टाक्यांमधलं पाणी निळसर होतं. "आमचं पाणी नेऊ नका, काकू. सगळ्यात औषध टाकलंय. माल गाडीतनं येतो, निम्मा आजारी. तुमचं पाणी बसायला टाइम लागंल आता." किती? त्यानं खांदे उडवले. मग तो म्हणाला, "मुलगी नाराज होईल म्हणताव ना? थांबा." त्यानं जाळी घातली, दोनतीन मासे उलटेपालटे केले, आणि एक पिशवी तिच्या तोंडासमोर धरली. पांढरी मासोळी. शेपटीजवळ काळा डाग. "घ्या. सेम टू सेम. तिला कळायचं बी न्हाई."

या देविकाच्या वेळी, बाराव्या दिवशी, बारशाला, नव्या वसाहतीतल्या सिमेंटच्या घरात बायका जमल्या होत्या आणि हेच म्हणत होत्या. तेच नाक बघा. तेच कपाळ. आली गं इंदू, तुझी देविका परत. सरकारनं शिबिरं लावली होती. ज्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं आणि ज्यांची पोरं भूकंपात गेली, त्या बायकांच्या नसा पुन्हा जोडून देत होते. इंदूला टेबलावर झोपवलं तेव्हा शेजारच्या खाटांवर गावातल्याच बायका होत्या, रत्नम्मा, जगदेवी, आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. रत्नम्माला पुढं काही झालं नाही. इंदूला पोरगी झाली. दत्तोपंतांनी पाळण्यातल्या पोरीच्या कानात तेच नाव सांगितलं आणि त्यांचे डोळे इतके भरून आले होते की इंदूच्यानं नको म्हणवलं नाही. खरं सांगायचं तर तिला नको वाटलंही नव्हतं. हाक मारायची सवय होती, हाक मारली की ओ यायचा, एवढ्यावर ती कित्येक वर्षं जगली. आता दुकानात उभी राहून ती पिशवीतल्या त्या जिवाकडं बघत होती आणि तिला स्वतःची किळस आली. असा विचार आला की माणूस पिशवी खाली ठेवतो, घरी जातो. इंदूनं पैसे दिले.

पिकलेलं पाणी नसेल तर नवा मासाही मरतो, हे देविकानं तिला दहादा सांगितलं होतं. टाकीत तो सोडताना ते तिला शब्दनशब्द आठवत होतं. तरी तिनं पिशवी उलटी केली. नवी मासोळी खाली गेली, एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि इतरांच्यात जाऊन वर तोंड लावून उभी राहिली. तिचीही उघडमीट सुरू झाली. इंदू जमिनीवर बसून राहिली. देवाला काय मागावं ते तिला सुचेना. मासे जगू देत म्हणावं, तर ही एवढीशी मागणी करायलाही तिला तोंड नव्हतं. माझी पोर भिंतीकडं वळू देऊ नको, एवढंच ती पुटपुटत राहिली.

देविका आली ती नेहमीसारखी दप्तर खांद्यावर ठेवूनच टाकीकडं गेली. मध्येच थबकली.

"काच कुणी धुतली?"

"मी. दसरा काढला."

"स्पंज?"

 देविका वाकली. किती उरले, किती गेले, काही मोजलं नाही तिनं. सरळ त्या पांढऱ्या मासोळीकडं बघितलं आणि म्हणाली, "ही शाई न्हाई."

तीच हाय की, हे शब्द इंदूच्या जिभेवर तयार होते. दुकानापासून घरापर्यंत तिनं ते घोळवले होते. इतक्या वर्षांत कुणीही, बायकांनी नाही, दत्तोपंतांनी नाही, तिनं स्वतः तर नाहीच, पाळण्यात वाकून कुणीही हे म्हटलं नव्हतं. आणि ही सतरा वर्षांची पोरगी एका माशाबद्दल एका नजरेत म्हणून मोकळी झाली.

"हाव," इंदू म्हणाली. "ही ती न्हाई. ती सकाळी गेली. ही मी कलीमकडनं आणली."

"मला कळणार न्हाई वाटलं?"

"वाटलं."

देविकानं दप्तर खाली ठेवलं. ड्रमच्या झाकणाला हात लावला. "हे कवाचं पाणी?" कालचं, असं इंदू म्हणाली. "मग चालतंय. पावडर उडून गेली असंल." तिनं निम्मी टाकी उपसली, बादलीतून बादलीत पाणी ओतून ओतून खेळवलं, सावकाश भरलं. इंदू मदतीला पुढं झाली तर तिनं नुसता हात आडवा केला. "आता रोज असंच करावं लागंल," ती टाकीला म्हणाली. "पहिल्यापासनं." आवाजात राग नव्हता. राग असता तर इंदूला धीर आला असता. मग पोरगी ओले हात तसेच घेऊन खाटेवर गेली, आडवी झाली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

 तीच पाठ, तीच वेणी. खोलीत मशीनचा बुडबुड आवाज तेवढा चालू होता. ती जाऊन खाटेच्या कडेला बसली, हात उचलला, पण पाठीवर ठेवायला धजली नाही.

"लहानपणी तू मला पेन्सिल डाव्या हातात द्यायचीस," देविका भिंतीला म्हणाली. "मी उजव्या हातात घेतली की काढून परत डाव्यात. मला वाटायचं, माझंच चुकायलंय."

इंदूला वाटलं होतं, ते कुणाच्या लक्षात नाही. लोक डावऱ्या पोरांना मारून मारून उजवं करतात, आणि ती एका उजव्या पोरीच्या डाव्या हातात गुपचूप पेन्सिल सरकवून वाट बघत बसायची. वर्षभर बसली असेल. शाळेतल्या बाईंनी टोकलं तेव्हा थांबली.

"ती डावरी होती," इंदू म्हणाली.  "तू न्हाईस. तुझं काय चुकत नव्हतं, बाई. माझं चुकत होतं."

पाठ हलली नाही. मग देविका म्हणाली, "अजून सांग."

"तिला ना, गुळाची..."

"तिचं न्हाई. माझं."

इंदूनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आत सगळं एकमेकांत मिसळलेलं आहे. पहिला दात, पहिलं पाऊल, गोवर, झबली. जे हाताला लागे ते उचलून बघावं तर ते त्या दोघींचं असे, किंवा त्या एकीचंच.  ही पोर आता वाट बघतेय, आणि उत्तर आलं नाही तर ही पाठ परत कधी फिरणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. ती चाचपडत मागं मागं गेली, पार दवाखान्यापर्यंत, जिथं मिसळायला अजून काही नव्हतं.

"तू झालीस तवा रडली न्हाईस," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी पाय धरून उलटं केलं, पाठीवर मारलं. न्हाईच. मी म्हटलं, ही पण गेली. डोळे मिटून घेतले मी."

"मग?"

"मग तू शिंकलीस."

देविकानं मान थोडीशी वळवली. "शिंकले?"

"हाव. केवढ्यांदा. नर्स दचकली," इंदू म्हणाली, आणि तिचा हात आता पोरीच्या पाठीवर होता. "आधी शिंकलीस तू. रडलीस नंतर."